चकमकीच्या रायफलीला कुठली गोळी? आधी नळीला विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियात येऊन काही वर्षं झाली, शिकारीचा कोर्स करून लायसन्स काढलं आणि आता ५० कॅलिबरची (म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची), चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी, एक जुनी रायफल हाती आली आहे. ख्रिसमसनंतरच्या सीझनला हरणामागे जायचंय. दुकानदाराने तीन डब्या समोर ठेवल्या: साधी गोल शिशाची गोळी, लांबट जड शिशाची गोळी आणि प्लॅस्टिकच्या कपात बसवलेली तांब्याच्या कवचाची गोळी. ऑफिसातला मित्र म्हणाला, "जड घे, जड कधी वाया जात नाही." तर यातली कुठली घ्यायची?

नव्वद टक्के शक्यता अशी की तुमचं उत्तर पहिल्या डबीत आहे: ०.४९० इंच व्यासाची, निव्वळ शिशाची गोल गोळी, तेल लावलेल्या सुती चिंधीत. पण दुकानदाराने आणि मित्राने तुमच्या नळीचा पीळ किती आहे ते विचारलंच नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून भरायच्या, रायफलीत गोळी आपण निवडत नाही, नळी निवडते. आपण फक्त तिने निवडलेल्या गोळीला किती लांबवर जाऊ द्यायचं ते ठरवतो.

माझ्याबद्दल दोन ओळी. आजोळ सावंतवाडीकडचं. तिथे माजघराच्या भिंतीवर ठासणीची बंदूक टांगलेली असायची, शेतात घुसणाऱ्या डुकरांसाठी. गज (ठासायची काठी), रंजक (बाहेर ठिणगी झेलून आतला बार पेटवणारी चिमूटभर दारू), बार, चिंधी हे शब्द तिथले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हरणाच्या शिकारीचा विषयच संपला आणि ते बरंच झालं. इथे मात्र सरकारच दरवर्षी किती हरणं मारायची याचा हिशेब बांधून परवाने देतं. मी गेली बावीस वर्षं लँकेस्टरच्या उत्तरेकडच्या डोंगरांत पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे चकमकीची रायफल घेऊन जातो. त्यात केलेल्या चुकांवरच हे उत्तर उभं आहे.

आता पीळ. नळीच्या आत जे आटे कापलेले असतात ते गोळीला फिरवतात. एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो त्याला पीळ म्हणायचं. ४८ इंचांत एक, ६० इंचांत एक, ६६ इंचांत एक हे सावकाश पीळ. २८ इंचांत एक हा घट्ट पीळ. भोवरा आठवा: बुटका भोवरा थोड्या गतीवरही उभा राहतो, उंच भोवऱ्याला जास्त जाळी लागते. गोल गोळी म्हणजे बुटक्यातला बुटका भोवरा. तिला थोडी फिरकी पुरते. लांबट गोळीला फिरकी कमी पडली की ती हवेत डुलते आणि कागदावर आडवी लागते. निशाणाच्या कागदाला गोल भोकाऐवजी कुलपाच्या भोकासारखी चीर पडलेली दिसली तर समजायचं की पीळ कमी पडला.

पीळ मोजायला बंदूकवाल्याकडे जायची गरज नाही. नळी रिकामी आहे याची आधी दोनदा खात्री करा. मग मुठीत मोकळा फिरणारा साफसफाईचा गज घ्या, टोकाला घट्ट बसेल अशी चिंधी लावा आणि तळापर्यंत न्या. तोंडाशी गजावर शाईची खूण करा, खूण वरच्या बाजूला. आता गज सरळ बाहेर ओढा. तो आपोआप फिरत येतो. बारा इंच बाहेर आल्यावर खूण पाव फेरा फिरली असेल तर पीळ ४८ ला एक. पाव फेऱ्याला पंधरा-सोळा इंच लागले तर साठीच्या पुढचा. सातच इंच लागले तर २८ चा.

आट्यांची खोलीही बघा. चिंधीच्या गोळीसाठी कापलेले आटे खोल असतात, साधारण इंचाचा शंभरावा भाग किंवा थोडे जास्त. चिंधीचं कापड त्यांत दाबून बसतं आणि मागचा वायू अडवतं. लांबट गोळीच्या नळीत आटे जेमतेम त्याच्या निम्मे खोल असतात, कारण तिथे शिसंच आट्यांत शिरायचं असतं. जुन्या पेनसिल्व्हेनिया रायफली (नाव पडलं केंटकी रायफल, बनवल्या बहुतेक इकडच्या जर्मन कारागिरांनी) सावकाश पिळाच्या आणि खोल आट्यांच्या होत्या, आणि तुमची रायफल त्याच घराण्यातली असणार. ४८ चा पीळ हा मात्र मधला मार्ग: दोन्ही गोळ्या चालाव्यात म्हणून कारखान्यांनी काढलेला. त्यात गोल गोळी चांगली चालते, लांबट बरी चालते.

तर गोल गोळी. ०.४९० ची गोळी साधारण १७७ ग्रेन भरते, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. जुन्या हिशेबाने जवळजवळ एक तोळा. "एवढ्याशा गोळीने हरीण पडेल?" हा प्रश्न मलाही पडला होता. पडतं, पण मर्यादेत. ८० ग्रेन दारूवर ती नळीतून सेकंदाला सुमारे १,८०० फूट वेगाने निघते. गोल आकार हवेला फार नडतो, म्हणून १०० यार्डांवर (यार्ड म्हणजे आपला वार) ती ११०० च्या आसपास येते आणि ऊर्जा एक तृतीयांशाच्या जरा वर उरते. ५० यार्डांवर रायफलीचा नेम बरोबर जुळवून घेतला असेल तर १०० वर गोळी चार-पाच इंच खाली लागते. त्याहून वाईट वारा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ५० यार्डांवर दोन इंच ढकलतो, पण १०० वर आठ-नऊ इंच. हरणाच्या छातीतली जागा आठ इंचांची, जेवणाच्या कागदी ताटलीएवढी. म्हणजे अंतर दुप्पट झालं आणि वाऱ्याची चूक चौपट! म्हणून माझी स्वतःची हद्द ७० यार्ड. इथल्या जंगलात त्याहून लांबची हरणं दिसतात कमी, आणि दिसली तरी मी बघत राहतो.

मित्राच्या "जड घे" सल्ल्यात तथ्य नाही असं नाही. फक्त गोल गोळीत वजन वाढवायचा एकच मार्ग आहे: व्यास वाढवणे. ४५ कॅलिबरची ०.४४० गोळी १२८ ग्रेन, ५४ ची ०.५३० गोळी २२४ ग्रेन. व्यास पाचव्या हिश्शाने वाढला तर वजन पाऊणपट वाढलं. नवी रायफल घेणारा असता तर मी ५४ सांगितली असती. पण तुमच्याकडे ५० आहे आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ती पुरेशी आहे. ४५ ने मारणारेही आहेत, पण त्यांनी अजून जवळ जावं.

शिशाबद्दल मात्र तडजोड नको. गोळी मऊ, निव्वळ शिशाचीच हवी. का, ते मी बर्फात शिकलो. तिसऱ्या वर्षी मला स्वतः गोळ्या ओतायचा नाद लागला आणि गॅरेजवाल्याकडून चाकांना लावायची जुनी वजनं फुकट मिळाली. तीही शिशाचीच, पण त्यांत अँटिमनी मिसळलेला असतो आणि शिसं कडक होतं. गोळ्या चकचकीत निघाल्या, कागदावर नेम छान बसला. जानेवारीत पंचेचाळीस यार्डांवर एक मादी आडवी उभी होती. धूर विरला तेव्हा ती शेपटी खाली घालून पळताना दिसली. फर्‍यामागे, दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली होती, पण जशी गेली तशीच बाहेर पडली, बोटाएवढं भोक पाडून. भोक चरबीने आणि केसांनी बुजलं. बर्फावर पहिल्या शंभर पावलांत रक्ताचे तीन ठिपके. अंधार पडायच्या आत ती सापडली, ती केवळ ताज्या बर्फावरच्या खुरांमुळे. बर्फ नसता तर सापडली नसती, आणि ते मी आजही स्वतःला सांगतो.

पुढच्या वर्षी त्याच साच्यातून निव्वळ शिशाच्या गोळ्या ओतल्या. त्यातली एक मला हरणाच्या पलीकडच्या कातडीखाली सापडली. एका बाजूने बरगडीची खूण उमटलेली, मागच्या बाजूला चिंधीच्या विणीचा ठसा अजून दिसत होता आणि चपटी होऊन आपल्या स्टीलच्या चाराण्याएवढी रुंद झाली होती. साडेबारा मिलिमीटरची गोळी एकोणीस मिलिमीटरची. हे काम मऊ शिसंच करतं.

मऊपणा ओळखायचा कसा? नखाने ओरखडा काढा. निव्वळ शिशावर सहज उमटतो, कडकवर नख घसरतं. फरशीवर टाका, मऊ गोळी धप्प करते, कडक टण्ण वाजते. डबीवर "निव्वळ शिसे" लिहिलेल्या तयार गोळ्या घेतल्यात तर हा प्रश्नच नाही, आणि पहिल्या वर्षी तेच करा. ओतायचंच असेल तर घराबाहेर, मोकळ्या हवेत, गॉगल लावून. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं; त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर वाफ होऊन सगळं भांडं तोंडावर उडतं. स्वयंपाकघरातलं पातेलं त्यासाठी वापरू नका, आणि वापरलंच तर ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. घरी बनवलेल्या गोळीला ओतकामाचा चपटा डाग राहतो, तो भरताना वर, नळीच्या तोंडाकडे ठेवायचा. कडेला राहिला तर गोळीचा तोल जातो.

आता चिंधी, जिच्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. कापड सुतीच हवं, घट्ट विणीचं. आपल्याकडे गादीच्या खोळीला पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड वापरतात ना, इथेही नेमकं तेच वापरतात. पॉलिस्टरची भेसळ असेल तर ते वितळून नळीला चिकटतं. ०.४९० च्या गोळीला ०.०१५ किंवा ०.०१८ इंच जाडीची चिंधी. हिशेब करा: गोळी आणि दोन्ही बाजूंची चिंधी मिळून ०.५२०, आणि नळी ०.५००. जास्तीचं कापड दाबलं जातं आणि आट्यांत भरतं. भरताना अंगठ्याने गोळी आत जात असेल तर जोडी सैल. हातोडी लागत असेल तर फार घट्ट. आखूड दांड्याचा एक ठोसा, मग गजाने एका दमात खाली.

चिंधीला मेणाचं नाहीतर चरबीचं वंगण. पेट्रोलियमचं तेल नको, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं. मी मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल वितळवून मिसळतो; डिसेंबरात थंडीने घट्ट होतं म्हणून तेल थोडं जास्त.

नेमबाजीच्या मैदानावर पाच गोळ्या झाडल्या की निशाणाकडे धावू नका. आधी नळीपुढे दहा-पंधरा यार्डांत पडलेल्या चिंध्या गोळा करा. मी नवशिक्याला सगळ्यात आधी हेच करायला लावतो. चांगली चिंधी उघडून बघितली तर मधे काळसर वर्तुळ, भोवती आट्यांच्या रेषा, कडा थोड्या विस्कटलेल्या, पण कापड अखंड. पुन्हा वापरता येईल असं वाटावं. मधोमध जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त. रेषेवर ब्लेडने कापल्यासारखी चीर असेल तर नळीच्या तोंडाशी आट्यांची कड तीक्ष्ण आहे, नव्या नळीत हे होतं. चिंध्या फाटत असतील तर निशाणावर गोळ्या परातभर पसरलेल्या दिसतील, आणि लोक उगाच माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) घासत बसतात. (वाळक्या पाचोळ्यात पडलेली चिंधी धुमसत राहू शकते. उचलताना पायाने चिरडा.)

दारूबद्दल थोडंच. ५० कॅलिबरला मधल्या दाण्याची काळी दारू, जिच्या डब्यावर दोन एफ असतात. ६० ग्रेनपासून सुरू करून पाच-पाचने वाढवा. साधारण ७० ते ८५ च्या दरम्यान कुठेतरी तुमची नळी "हं, हीच" म्हणेल. रायफल बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. माप नेहमी वेगळ्या मापट्यात, दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत कधी नाही. आत एखादी ठिणगी शिल्लक असेल तर शिंग हातात फुटतं. काळ्या दारूऐवजी मिळणाऱ्या पर्यायी भुकट्यांना पेटायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे चकमकीत त्या दगा देतात. आणि आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू चिमूटभरही नको. तिने नळी फाटते, आणि नळीजवळ तुमचा चेहरा असतो.

दुसरी डबी, लांबट गोळी. कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या मिनिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४९ मध्ये बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी काढली. ती नळीत सैल उतरते आणि दारू पेटली की बूड फुगून आट्यांत बसते. अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी तिच्याच ५८ कॅलिबरच्या गोळ्या झाडल्या. आज ५० साठी मिळणारी मॅक्सी-बॉल ३७० ग्रेनची, म्हणजे दोन तोळ्यांहून थोडी जास्त. ती वेग कमी घेऊन निघते पण टिकवून धरते, हाडातून आरपार जाते आणि तुमच्या खांद्यालाही तसंच सांगून जाते. एल्क (इथलं थोराड जातीचं हरीण) किंवा अस्वलासाठी माझीही पसंती तीच. हरणाला तिची गरज क्वचित लागते.

तिचा एक धोका दुकानदार सांगत नाही. चिंधीतली गोळी घट्ट पकडलेली असते, लांबट गोळी तशी नसते. नळी खाली करून उतार उतरलात किंवा जीपमध्ये धक्के बसले, तर ती दारूपासून पुढे सरकू शकते. दारू आणि गोळीत फट राहिली की ती गोळी म्हणजे नळीत अडकलेला बूच. अशी नळी फुगते, फाटूही शकते. म्हणून भरलेल्या नळीत गज उतरवून त्याच्यावर तोंडाशी एक खूण कायमची कोरून ठेवा आणि लांबट गोळी वापरत असाल तर दर तासाला गज टाकून बघा. तपासताना रंजक झाडून टाकायची, घोडा उतरवलेला, नळी आपल्यापासून दूर. खूण गोल गोळीसाठीही हवीच. दारू न घालताच गोळी ठासण्याचा पराक्रम प्रत्येक जण एकदा करतो. खुणेमुळे तो झाडीत कळण्याऐवजी भरतानाच कळतो. मी तो तीनदा केला आहे.

तिसरी डबी परत करा. प्लॅस्टिकच्या कपातली गोळी २८ च्या घट्ट पिळासाठी आणि उथळ आट्यांसाठी बनलेली आहे, आधुनिक ठासणीच्या रायफलींसाठी. खोल आट्यांत प्लॅस्टिक नीट भरत नाही, वायू बाजूने निसटतो आणि ६६ च्या पिळात गोळी पुरेशी फिरत नाही. ४८ मध्ये कुणाला कधी जमतं, पण "जमतं" एवढ्यावर हरणावर चाप ओढू नये.

नियमांचं एक. ख्रिसमसनंतरचा हा सीझन १९७४ मध्ये सुरू झाला तोच चकमकीच्या रायफलीसाठी. टोपीची रायफल, म्हणजे चकमकीऐवजी ठोक्याने पेटणाऱ्या टोपीने बार उडवणारी, त्यात चालत नाही. गोळी, निशाणाची साधनं, नारिंगी कपडे यांचे नियम बदलत असतात, म्हणून गेम कमिशनची (राज्याच्या शिकार खात्याची) त्या वर्षीची पुस्तिका वाचा, माझ्यावर विसंबू नका. पुढेमागे कॅलिफोर्नियाला गेलात तर तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच बंद आहे. शिसं गिळून काँडर गिधाडं मरत होती, हे त्यामागचं मोठं कारण. मांस घरी नेणाऱ्यानेही शिसं विसरू नये. सावकाश जाणारी मऊ गोल गोळी वेगवान आधुनिक गोळीइतकी चुरा होत नाही, तरी जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस मी हातभर सोडून कापतो, आणि घरात लहान मुलं असतील तर जरा जास्तच.

नेम कुठे धरायचा? हरीण पूर्ण आडवं उभं असताना, पुढच्या फर्‍याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर. गोल गोळी वेगाच्या धक्क्याने मारत नाही, फुप्फुसांत भोक पाडून मारते. समोरून, मागून, तिरप्या कोनातून तिला ते साधत नाही. चकमकीत घोडा पडणे, रंजक भडकणे आणि बार होणे यांत कानाला कळेल एवढा वेळ जातो, तेवढा वेळ नेम तसाच धरून ठेवा. नंतर जागेवरून हलायचं नाही. आधी पुन्हा भरायचं, मग अर्धा तास थांबायचं. घाईने मागे धावलात तर जे हरीण ऐंशी पावलांवर झोपलं असतं ते मैलभर पळतं.

खरेदीची यादी छोटी आहे: ०.४९० च्या शंभर गोळ्या, ०.०१५ आणि ०.०१८ अशा दोन्ही जाडीच्या चिंध्या, एक पौंड दारू, वंगणाची डबी. दोन शनिवार मैदानावर घालवा आणि गोळा केलेल्या चिंध्यांचा फोटो मला पाठवा, निशाणाच्या कागदाचा नाही पाठवलात तरी चालेल. आणि पीळ मोजल्यावर तो २८ निघाला, तर वरचं अर्धं उत्तर उलटं वाचायचं आहे. तेव्हा दुकानात जायच्या आधी गज घेऊन बसा.